मुकादमाचा बाक

गोदी बंद पडली, तिथे कमरेएवढं गवत माजलं, आणि मग शहराला अचानक आठवलं की आपल्याला एक नदी आहे. तशी ती आधीही होतीच, पण पत्र्याच्या शेडांमागे, कोळशाच्या ढिगांमागे आणि 'आत येण्यास मनाई' अशा पाट्यांमागे. आता तिथे बाग करायची ठरली. नुसती बाग नव्हे, नदीकाठचं सार्वजनिक उद्यान. त्यासाठी गोदीत जन्म घालवलेल्या लोकांचं मत घ्यायचं, असंही कुणीतरी ठरवलं.

जुन्या मालाच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या आणि पडद्यावर चित्रं दाखवली गेली. चित्रांतली सगळी माणसं सडपातळ होती. प्रत्येकाच्या हातात फुगा नाहीतर कुत्र्याचा पट्टा होता आणि कुणालाही घरी जायची घाई नव्हती.

आराखडा करणारी मॅडम तरुण होती. केस बारीक कापलेले, आणि बोलणं असं मनापासून की ऐकणाऱ्याला उगाच अपराधी वाटावं. "इथे माणसाचा पाण्याशी संवाद तुटलेला आहे," ती म्हणाली. "तो आपल्याला पुन्हा जोडायचाय."

"माझा बायकोशी तुटलाय, तो आधी जोडा," मागच्या रांगेतून भोंगा पुटपुटला.

पण भोंग्याचं पुटपुटणं म्हणजे बाकीच्यांची आरोळी. ऐन भरात असताना तो धक्क्यावरून ओरडायचा आणि क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला वरपर्यंत स्वच्छ ऐकू जायचं. त्यावरून त्याचं नाव पडलं, असं तो सांगे. दुसरंही एक कारण होतं, पण ते त्याच्या सोबत बंद खोलीत बसलेल्यांनाच ठाऊक होतं.

शेडमध्ये हशा पिकला. मॅडमने तो संपू दिला आणि भोंग्याशेजारच्या उंच, किडकिडीत म्हाताऱ्याकडे बोट केलं. "काका, तुम्ही सांगा. ही जागा म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय वाटतं?"

"पाय दुखतात," तो म्हणाला.

पुन्हा हशा. मॅडम मात्र हसली नाही. "का?" तिने विचारलं.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. या म्हाताऱ्याला सगळे बगळा म्हणत. क्रेनच्या हुकात पोत्यांची जाळी अडकवायचं त्याचं काम. जाळी अडकवली की ती वर जाऊन रिकामी होऊन परत येईपर्यंत करण्यासारखं काही नसे. पण बसायचं नाही. धक्क्यावर कुणीही, कधीही, कशावरही बसायचं नाही, हा मुकादमाचा कायदा होता. "बूड टेकलं की जहाज बुडतं," असं तो म्हणायचा. पेट्यांवर कुणी टेकलं तर मागून येऊन पेटीला लाथ घालायचा. जहाजं बांधायचे लोखंडी खुंट बसायला अगदी बेताच्या उंचीचे होते, म्हणून त्यांच्या डोक्यावर तो रोज सकाळी स्वतःच्या हाताने पातळ डांबर फासायचा. सगळ्यात वाईट म्हणजे तो स्वतःही कधी बसत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडायला कुणाला तोंडच नव्हतं. बगळ्याने यावर तोड काढली होती. एक पाय वर घ्यायचा, त्याला विश्रांती द्यायची, मग दुसरा. नाव त्यातून पडलं.

"मग आपण बाक भरपूर ठेवू," मॅडम म्हणाली. "पाठ टेकता येईल असे."

लोकांना वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण तिने शब्द पाळला.

काम पुष्कळ दिवस चाललं. तेल पिऊन काळी झालेली माती ट्रकांनी गेली, लाल माती आली. रूळ उखडले नाहीत. पायवाटेतच बसवून टाकले, त्यामुळे सायकलवाली पोरं त्यात चाक अडकून मजेत पडू लागली. शेडांचे पत्रे काढून नुसते सांगाडे ठेवले आणि त्यांवर वेली सोडल्या. मोठी क्रेन जागच्या जागी ठेवून तिला नारिंगी रंग दिला. "म्हातारीला नटवून लग्नात बसवलीय," असं भोंगा म्हणाला. जिथे खताची पोती उतरायची आणि माणसं दिवसभर शिंकायची, तिथे आता लोक कॉफीवरच्या फेसाचे फोटो काढत होते.

आणि बाक होते. सागवानी फळ्यांचे, पाठीचे, हात टेकायला जागा असलेले. गोदीत काम करून गेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याच्या नावाने एक बाक देता येई. त्यावर पितळेची छोटी पाटी लागे.

उद्यान उघडलं त्या आठवड्यात बगळा आणि भोंगा पाट्या वाचत फिरत होते.

"अरे, हा गेला?"

"कधीच. तू त्याच्या तेराव्याला जेवला होतास."

"तो हा होता होय? मी दुसऱ्याच कुणाबद्दल वाईट वाटून घेत होतो."

असं करत ते क्रेनपाशी आले. तिच्या खाली उद्यानातला सगळ्यात झकास बाक होता. दुपारभर सावली, समोर नदीचं वळण, मागून वारा. पाटीवर एक लांबलचक नाव होतं, जे दोघांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण खाली 'मुकादम' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली: 'या धक्क्याला आयुष्य वाहणाऱ्या आमच्या माणसाच्या प्रेमळ स्मृतीस.'

"प्रेमळ!" भोंगा ओरडला. क्रेनवर बसलेली कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळा खिशात स्क्रू-ड्रायव्हर घालून आला. सोबतीला भोंगा होता, पहारा द्यायला. पहाऱ्याला एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस नेऊ नये, हे बगळ्याच्या उशिरा लक्षात आलं. पाटीचे स्क्रू कुठल्यातरी भलत्याच जातीचे होते, त्यांना साधी खाचच नव्हती. बगळा गुडघ्यांवर बसून पाटीच्या कडेत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघत होता. तेवढ्यात भोंगा "आली! आली!" असं अख्ख्या नदीकाठाला ऐकू जाईल असं कुजबुजला.

मॅडम येत होती, आणि तिच्यासोबत परगावाहून उद्यान बघायला आलेले चारसहा साहेब. बगळ्याने स्क्रू-ड्रायव्हर बाहीत सरकवला, रुमाल काढला आणि पाटी घासायला घेतली.

मॅडम जागीच थबकली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बघा," ती साहेबांना म्हणाली, "याचसाठी हे सगळं केलं. हे काका याच मुकादमांच्या हाताखाली काम करायचे."

साहेबांनी फोटो काढले. एकाने बगळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बगळा मान खाली घालून पुसत राहिला, आणि ती मंडळी हलेपर्यंत मुकादमाची पाटी आरशासारखी चमकायला लागली.

"शाबास," भोंगा म्हणाला. "अजून एक हार घाल." हसून हसून त्याला धाप लागली होती, म्हणून तो मागेपुढे न बघता बाकावर बसला. मग त्याच्या तोंडावर हळूहळू एक हसू पसरलं.

"बगळ्या."

"काय?"

"मी मुकादमावर बसलोय."

बगळ्याने पाटीकडे पाहिलं, भोंग्याच्या बुडाकडे पाहिलं. मग तोही बसला. दोघांनी पाय पसरले, पाठ टेकली. नदीवरून वारा येत होता. त्यानंतर भोंग्याने जरा एका अंगावर कलून आपल्या नावाचं दुसरं कारण असं सविस्तर सिद्ध केलं की समोरून चाललेल्या बाईच्या कुत्र्याने मान वळवून पाहिलं.

"मुकादमसाहेब," भोंगा नम्रपणे म्हणाला, "हजर आहे."

ही बातमी काय लपून राहणार? आठवड्याभरात गोदीतली झाडून सगळी म्हातारी मंडळी येऊ लागली. कुणी काठी टेकत, कुणी सुनेच्या गाडीतून, एक तर मुलीकडे राहायला दूर गेलेला, तो आगगाडीने आला. येताना प्रत्येकाचा चेहरा देवळात आल्यासारखा गंभीर असे, आणि बसल्यावर तो उमले. जागा चौघांची आणि माणसं पंधरा, त्यामुळे पाळ्या लागल्या. कुणी रेंगाळला की बाकीचे ओरडत, "ऊठ की आता, आम्हालाही बसू दे त्याच्यावर!" बगळ्याला घरी कुणी विचारलं, कुठे चाललात, तर तो म्हणे, "ऑफिसला."

मॅडम लांबून बघे आणि खूश होई. उद्यानात इतका वापरला जाणारा दुसरा बाक नव्हता.

एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की क्रेनच्या पायापाशी एक म्हातारी उभी आहे. राखाडी स्वेटर, हातात मिटलेली छत्री, अंगाने चिमणीएवढी. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग जवळ आली.

"तुम्ही सगळे यांच्या हाताखालचे का?" तिने पाटीकडे बोट दाखवून विचारलं.

"हो बाई," बगळा म्हणाला. "तुम्ही?"

"मी त्यांची बायको."

पाळीवर बसलेले चौघं तापल्या तव्यावरून उठावं तसे उठायला लागले. "बसा, बसा," ती म्हणाली. "इतकी माणसं रोज येतात, असं कानावर आलं होतं. खरं वाटलं नाही, म्हणून आले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं की वाऱ्याने आलं होतं, कळेना. "यांच्यावर तुमचा इतका जीव होता?"

आता काय सांगणार? बगळ्याने भोंग्याकडे पाहिलं, भोंग्याने नदीकडे पाहिलं. "होता ना," बगळा शेवटी म्हणाला. "मुकादमसाहेब म्हणजे... कडक, पण आतून मऊ."

"हो?" बाई म्हणाली. "कसे मऊ?"

आणि तिथे घसरगुंडी सुरू झाली. बगळा म्हणाला, एकदा मला ताप भरला, तर साहेबांनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला. ते ऐकून दुसरा म्हणाला, माझी मुलगी आजारी होती, तेव्हा साहेब दवाखान्यात येऊन बसायचे. "बसायचे?" बाईने विचारलं. "म्हणजे, उभे राहायचे," तो सावरला. भोंग्याला मागे राहणं माहीत नव्हतं. त्याने मुकादमाला थेट नदीत उडी मारायला लावली, एका बुडत्या कामगाराला वाचवायला, तेही कपड्यांनिशी.

"यांना पोहता येत नव्हतं," बाई म्हणाली.

"तेच तर!" भोंगा म्हणाला. "तरी मारली!"

बाई गेली. पण दुसऱ्या दिवशी परत आली, आणि तिसऱ्या दिवशीही. येताना डबाभर बिस्किटं आणायची, सगळ्यांना द्यायची, आणि छत्रीवर भार देऊन उभी राहून ऐकायची. कुणीतरी जागा देऊ करायचं, पण एवढ्या भक्तमंडळींतून एकाला उठवायचं तिच्या जिवावर यायचं. रोज नवी गोष्ट लागायची. आठवडा होता होता मुकादम असा काही संत झाला, की सांगणाऱ्यांनाच त्याच्या जाण्याचं वाईट वाटायला लागलं. बाई मात्र दिवसेंदिवस गप्प गप्प होत चालली होती. बिस्किटं खाण्याच्या नादात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हे सगळं उघडं पाडलं ते बगळ्याच्या बायकोने. बगळ्याची बायको शिवणकाम करायची. धक्क्यावरच्या निम्म्या लोकांच्या पँटी तिच्या मशीनखालून गेल्या होत्या, आणि सगळ्या एकाच जागी काळ्या. ते डांबर काढता काढता तिची नखं गेली होती. नवरा रोज नीट भांग पाडून 'ऑफिसला' जातो आणि शर्टावर बिस्किटांचा चुरा घेऊन येतो, तेव्हा प्रकरण काय आहे ते बघायला ती एके दिवशी मागोमाग आली. बगळ्याला ती दिसली नाही. त्याची गोष्ट रंगात आली होती.

"...आणि साहेब स्वतः, स्वतःच्या हाताने बरं का, ते खुंट रोज सकाळी पुसायचे," तो सांगत होता. "म्हणायचे, माझ्या माणसांना बसायला स्वच्छ जागा हवी."

"काय?" बगळ्याची बायको मागून म्हणाली.

बगळा दचकला. "अगं, तू कशी काय?"

"पुसायचे? काय पुसायचे? अहो, नखं गेली माझी त्या माणसाच्या डांबरापायी, आणि तुम्ही इथे त्याची आरती करताय?" मग ती त्या म्हातारीकडे वळली. "बाई, तुम्ही कोण मला माहीत नाही. पण हे लोक थापा मारतायत. तो मुकादम महाखडूस होता. माणसांना बसू द्यायचा नाही. तो गेला त्या दिवशी मी मशीन बंद करून चहा घेतला, खुर्चीवर बसून, दोन कप."

"या त्यांच्या मिसेस आहेत," बगळा मेल्या आवाजात म्हणाला.

बायकोचा हात तोंडावर गेला. भोंग्याच्या हातातलं बिस्किट त्याच्या चहात पडलं, तेवढाच काय तो आवाज.

म्हातारी बगळ्याच्या बायकोकडे वळली. मग तिने विचारलं, "खरंच बसू द्यायचे नाहीत?"

"नाही," बायको हळू आवाजात म्हणाली. "माफ करा."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही हो."

म्हातारीने जोरात श्वास सोडला. "घरी सहा खुर्च्या होत्या," ती म्हणाली. "पाहुणे आले की काढायच्या. एरवी टेबलावर उलट्या. मी उभ्याने स्वयंपाक केला, उभ्याने जेवले, उभ्याने पोराचा अभ्यास घेतला. टेकले जरा, की हे दारात. म्हणायचे, बसलेल्या बाईचं घर बसतं. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, बाबांच्या नावाने त्या उद्यानात एक झाड लावू. मी म्हटलं, झाड नको, झाड उभं असतं. बाक दे. मला त्यांच्यावर बसायचंय."

भोंग्याने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"तर इथे येऊन बघते, तुम्ही सगळे ठाण मांडून बसलेले. आणि वर एकेक गोष्टी! कोट काय घातला, दवाखान्यात काय गेले..." तिने छत्री पाटीकडे रोखली. "मी रोज घरी जाऊन विचार करायची, म्हणजे हा माणूस जगाशी चांगला होता. फक्त माझ्याशीच असा होता. म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार."

बगळ्याला वाटलं, क्रेन आपल्या डोक्यावर पडली तर बरं होईल. या बाईला बरं वाटावं म्हणून इतके दिवस जिभेला हाड नसल्यासारखं बोललो, आणि ते सगळं तिच्या काळजात जाऊन टोचत होतं. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. काय बोलावं सुचेना, म्हणून खरं ते बोलला.

"बाई, खोट तुमच्यात काहीच नाही. तो सगळ्यांशीच वाईट होता. अगदी काडीचा भेदभाव न करता."

"शपथ?"

"आईची शपथ. ताप आला होता तेव्हा म्हणाला, अंग गरम आहे तर कोट काढ."

"मला पेटीवरून लाथ मारून पाडलं," दुसरा म्हणाला. "पेटी काचेच्या भांड्यांची होती. भांडी फुटली ती माझ्या नावावर."

"आणि ती नदीतली उडी?" म्हातारीने भोंग्याला विचारलं.

"उडी होती," भोंगा म्हणाला. "पण मी मारली होती. तो मागे लागला होता म्हणून."

म्हातारीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. लोकांना वाटलं, रडतेय. ती हसत होती. छत्रीला धरून, वाकून, चष्मा काढून हसत होती. "अजून सांगा," ती म्हणाली. मग त्यांनी सांगितलं. खरं सांगायचं म्हटल्यावर कुणाला आठवायला वेळ लागला नाही. बगळ्याच्या बायकोने डांबराच्या पँटींचं सांगितलं. त्यावर म्हातारी म्हणाली, "अगं बाई, यांच्या हातांचा वास! मला वाटायचं, कष्टाचा असेल." आणि दोघी एकमेकींच्या दंडाला धरून पुन्हा हसायला लागल्या.

मग बगळ्याने बाकावरच्या चौघांकडे नुसतं बघितलं. चौघं उठले. कुणीतरी रुमालाने फळ्या झटकल्या.

म्हातारी पुढे झाली. तिने छत्री बाजूला ठेवली, पाटी एकदा वाचली आणि बरोबर त्या पाटीपुढे, सावकाश, होतं नव्हतं तेवढं वजन टाकून बसली. तिचे पाय जमिनीला पुरेनात. ते तिने हलवले. सगळे बघत होते.

"कसं वाटतंय?" बगळ्याच्या बायकोने विचारलं.

"कडक आहे," म्हातारी म्हणाली. "अगदी तसाच." आणि तिने शेजारच्या फळीवर हाताने थोपटलं. "ये, तूही बस."

त्या दिवसानंतर तो बाक पुरुषांच्या हातून गेला. दोघी दुपारी येत, विणकाम घेऊन, थर्मास घेऊन. पुढे आणखी काही जणांच्या बायका आल्या. एकदा मॅडमही त्यांच्यात बसलेली दिसली. चपला काढून, मांडी घालून, हसून डोळे पुसत. तिला काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल, पण तिने पाटी बदलली नाही.

बगळा, भोंगा आणि मंडळींना दुसरी जागा शोधावी लागली. बाकांवर पोरंटोरं आणि प्रेमात पडलेली जोडपी असत, त्यांना उठवायला बरं वाटेना. म्हणून ते पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर गेले. भोंगा म्हणाला, बूट काढू. बगळा म्हणाला, वेडा आहेस का, लोक काय म्हणतील. मग दोघांनीही काढले. त्या नदीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं, पण तिच्यात पाय कधी घातला नव्हता. भोंग्याने ती एक उडी मारली होती, पण तेव्हा पाणी कसं आहे ते बघायची शुद्ध नव्हती. आता त्यांनी हळूच पाय सोडले. पाणी गार होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ.

तेवढ्यात भोंग्याचा एक मोजा पायरीवरून घसरला आणि प्रवाहाला लागला. भोंगा हात लांब करून "अरे, अरे, धर!" असं ओरडला. पलीकडच्या काठावर लोकांनी वळून पाहिलं. धरायला कुणी उठलं नाही. मोजा डुलत डुलत वळणापर्यंत गेला, आणि ते सगळे तो दिसेनासा होईपर्यंत बसून बघत राहिले.